हरपलेली भाषा आणि यंत्राचे साहाय्य

बोलता न येणे आणि भाषा हरपणे या दोन गोष्टी व्यवहारात आपण एकच समजतो. अमक्याची वाचा गेली असे म्हणताना त्याचा घसा बिघडला आहे, जिभेचे स्नायू लुळे पडले आहेत, की मेंदूत शब्द जुळवण्याची क्रियाच खंडित झाली आहे, याचा विचार आपण करीत नाही. भाषेच्या अभ्यासकाला मात्र हा भेद टाळून चालणार नाही. बिघाड कोठे आहे यावर उपाय ठरतो. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत अशा माणसांच्या मदतीसाठी जी यंत्रे निघाली, त्यांचे यशापयशही पुष्कळ अंशी याच भेदावर अवलंबून राहिले आहे.

प्रस्तुत लेखात मेंदूच्या विकाराने भाषा गमावलेल्या प्रौढ माणसांचा आणि त्यांना साहाय्य करू पाहणाऱ्या यंत्रांचा विचार करावयाचा आहे. तोतरेपणा, जन्मजात बहिरेपणा, मुलांच्या वाचन-लेखनातील अडचणी हे विषयही महत्त्वाचे आहेत. परंतु ते स्वतंत्र लेखांचे विषय होत.

वाचाघाताचे स्वरूप

मेंदूचा रक्तपुरवठा अडला किंवा मेंदूतील रक्तवाहिनी फुटली म्हणजे पक्षाघाताचा झटका येतो. बहुसंख्य माणसांत भाषेचा व्यवहार मेंदूच्या डाव्या गोलार्धातून चालतो आणि शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रणही तोच गोलार्ध करतो. त्यामुळे उजवा हात-पाय लुळा पडणे आणि भाषा बिघडणे या गोष्टी पुष्कळदा एकदमच घडतात. भाषेच्या या बिघाडाला ‘अ‍ॅफेजिया’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘वाचाघात’ हा शब्द वापरला जातो. शब्द तसा अपुरा आहे, कारण घात केवळ वाचेचा नसतो. अशा माणसाला पाटी-पेन्सिल दिली म्हणजे तो निदान डाव्या हाताने लिहून सांगेल, अशी घरच्यांची अपेक्षा असते. ती बहुधा फोल ठरते. जो शब्द तोंडात येत नाही तो बोटांतही येत नाही.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा प्रारंभ पॅरिसमध्ये १८६१ साली झाला असे मानतात. शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. काहीही विचारले तरी ‘तान’ एवढेच अक्षर तो उच्चारी. म्हणून रुग्णालयात त्याचे नावच ‘तान’ पडले होते. बोललेले त्याला बरेचसे कळत असे. काही दिवसांतच तो मरण पावला आणि त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धाच्या पुढच्या भागात ब्रोकांना बिघाड आढळला. पुढे १८७४ साली जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी निराळ्या प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. हे रुग्ण अस्खलित बोलत. पण त्या बोलण्यातून अर्थ लागत नसे आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना नीट उमगत नसे. बिघाड डाव्या बाजूलाच, पण मागच्या भागात होता.

वैद्यांच्या या शोधांकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने ज्यांनी पाहिले त्यांत रोमान याकोब्सन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. वाक्य बोलताना माणूस दोन कामे करतो, असे त्यांनी १९५६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडले. अनेक शब्दांतून तो एक निवडतो आणि निवडलेले शब्द एकमेकांशी जोडतो. काही रुग्णांची निवडण्याची शक्ती जाते, तर काहींची जोडण्याची. पहिल्या प्रकारचा रुग्ण ‘सुरी’ न आठवल्यामुळे ‘ते कापायचे’ असे म्हणेल. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण ‘सुरी… कांदा… बोट…’ असे सुटे शब्द मांडून थांबेल. याकोब्सन यांनी हीच जोडी पुढे रूपक आणि लक्षणा यांच्यापर्यंत नेली. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते नाव परिचित असते ते बहुधा त्यामुळेच.

वाचाघात झालेल्या माणसाची बुद्धी गेलेली नसते, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. त्याला माणसे ओळखता येतात, रस्ते आठवतात, कोणी आपल्याला फसवीत आहे का हेही कळते. कित्येकदा असा माणूस पाठ असलेले गाणे शब्दांसकट म्हणतो किंवा एकपासून दहापर्यंत आकडे धडाधड मोजतो; पण ‘तुम्हाला मुले किती?’ असे विचारले तर त्यातलाच ‘तीन’ त्याला सापडत नाही. पाहणाऱ्यांचा मग गैरसमज होतो की हा ढोंग तरी करतो किंवा याचे डोके तरी ठिकाणावर नाही. हळूहळू घरातली बोलणी त्याच्याशी न होता त्याच्याविषयी होऊ लागतात. औषध कोणते, जमीन कोणाच्या नावे, बँकेत सही कोणाची, हे सारे तो समोर बसलेला असताना दुसरेच ठरवतात. भाषा जाण्याचा खरा तोटा हा आहे.

आवाज देणारी यंत्रे

यंत्रांचा इतिहास पाहताना प्रथम जी यंत्रे भेटतात ती वाणीसाठी होती, भाषेसाठी नव्हेत. सुमारे १९६० च्या सुमारास इंग्लंडमधील स्टोक मॅन्डेव्हिल रुग्णालयात रेग मेलिंग यांनी हातपाय लुळे पडलेल्यांसाठी एक साधन तयार केले. नळीत फुंकर मारून किंवा हवा ओढून रुग्ण त्यावरून दिवा लावी, घंटा वाजवी आणि पुढे टंकलेखनयंत्रही चालवी. त्याचे नाव ‘पॉसम’. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘मी करू शकतो’ असा आहे.

सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचे. १९८५ साली न्यूमोनियाच्या आजारात त्यांच्या श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि उरलेसुरले बोलणेही बंद झाले. त्यानंतर संगणकाच्या पडद्यावरील शब्द एका कळीने निवडून ते वाक्य तयार करीत आणि यंत्र ते उच्चारी. तो आवाज डेनिस क्लॅट या संशोधकाच्या स्वतःच्या आवाजावर आधारलेला होता. पुढे अधिक चांगले आवाज निघाले तरी हॉकिंग यांनी तो सोडला नाही. तो त्यांना आपला वाटू लागला होता.

अलीकडची झेप याहून मोठी आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांचे प्रयोग एकाच वेळी प्रसिद्ध झाले. मेंदूत किंवा मेंदूच्या पृष्ठावर बसविलेल्या विद्युत्-अग्रांच्या साहाय्याने, बोलण्याचा नुसता प्रयत्न करणाऱ्या रुग्णांचे शब्द संगणकाने ओळखले. स्टॅनफर्डच्या गटाने मिनिटाला ६२, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने ७८ शब्दांचा वेग गाठला.

हे सारे विलक्षण आहे यात शंका नाही. परंतु या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. रुग्णाच्या मनात वाक्य तयार होते. ते बाहेर पडण्याची वाट तेवढी बंद होती. यंत्राने नवी वाट करून दिली. वाचाघाताच्या रुग्णाचे वाक्यच जुळत नाही. त्याला हॉकिंग यांचे यंत्र आणून दिले तर तो पडद्यावरच्या शब्दांकडे तसाच पाहत राहील, जसा पाटीकडे पाहत राहिला.

चित्रांची भाषा

शब्द अडतात तर चित्रे का वापरू नयेत, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. चार्ल्स ब्लिस यांनी चिनी लिपी पाहून स्फुरलेली एक चिन्हलिपी १९४९ मध्ये प्रसिद्ध केली होती. सर्व राष्ट्रांना एक लिपी मिळावी असा त्यांचा उद्देश होता. तो सफल झाला नाही. पण १९७१ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे बोलू न शकणाऱ्या अपंग मुलांना तीच चिन्हे शिकविण्यात आली आणि पुढे ती पुष्कळ देशांत पसरली.

वाचाघाताच्या रुग्णांबाबत असा प्रयत्न हॉवर्ड गार्डनर आणि त्यांचे सहकारी यांनी केला. त्यांचा निबंध १९७६ चा आहे. ज्यांची भाषा जवळजवळ पूर्णपणे गेली होती अशा रुग्णांपुढे त्यांनी चिन्हांची पत्ते-कार्डे ठेवली. काही रुग्ण ती कार्डे ओळीत मांडून साध्या आज्ञा समजू आणि देऊ लागले. १९८० च्या दशकात रिचर्ड स्टील, मायकेल वाइनरिक आदी संशोधकांनी हीच पद्धत संगणकाच्या पडद्यावर आणली. शेकडो कार्डे हाताळणे एका हाताने शक्य नव्हते. संगणकाने ती गटवार लावून ठेवली, क्रियापदाचे चित्र हलते करून दाखविले आणि निवडलेल्या चित्राचा उच्चारही ऐकविला. या कामातूनच पुढे वाचाघातासाठीचे ‘लिंग्राफिका’ हे उपकरण बाजारात आले.

चित्रांची मर्यादाही लवकरच ध्यानात येते. ‘पाणी’, ‘घर’, ‘डॉक्टर’ यांचे चित्र काढता येते. ‘परवा’, ‘तरीसुद्धा’, ‘मला असे वाटत नाही’ यांचे काय? शिवाय चित्रे ओळीत मांडणे हीदेखील एक वाक्यरचनाच आहे, आणि पुष्कळ रुग्णांची अडचण नेमकी तेथेच असते.

रुग्णाच्या शब्दांना अवधी देणारे यंत्र

या संदर्भात एक प्रयोग विशेष महत्त्वाचा वाटतो. १९८३ साली मार्सिया लाइनबार्गर, मर्ना श्वार्ट्झ आणि एलिनॉर सॅफ्रन यांनी तुटक बोलणाऱ्या रुग्णांना काही वाक्ये ऐकविली आणि ती व्याकरणदृष्ट्या बरोबर आहेत की चूक, एवढेच विचारले. स्वतः धड वाक्य बोलू न शकणाऱ्या या रुग्णांनी चुकीची वाक्ये बऱ्याच अंशी अचूक ओळखली. याचा अर्थ असा की, व्याकरणाचे ज्ञान नाहीसे झाले नव्हते. वेळेवर त्याचा उपयोग करता येत नव्हता.

असे का व्हावे? समजा, एखाद्याला सांगावयाचे आहे की ‘काल मुलगी पुण्याहून आली’. ‘काल’ हा शब्द सापडायला त्याला अर्धा मिनिट लागतो. ‘मुलगी’ शोधता शोधता ‘काल’ निसटतो. ‘पुणे’ येईपर्यंत वाक्य कोठे चालले होते हेच हरवते. निरोगी माणूस संपूर्ण वाक्य काही क्षण मनात धरून ठेवतो. रुग्णाची ही ओंजळच गळकी झालेली असते.

लाइनबार्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जे यंत्र योजिले त्याचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. पुढे ते ‘सेंटेन्स शेपर’ या नावाने ओळखले गेले. त्याची रचना सोपी आहे. रुग्ण मायक्रोफोनमध्ये जो तुकडा येईल तो बोलतो. संगणक तो त्याच्याच आवाजात साठवतो आणि पडद्यावर त्याची एक आकृती दाखवतो. आकृतीवर बोट ठेवले की तो तुकडा पुन्हा ऐकू येतो. असे तीन-चार तुकडे जमले की रुग्ण ते हवे तसे मागेपुढे लावतो, सलग ऐकतो, न पटलेला टाकतो, नवा बोलतो. शेवटी पूर्ण वाक्य वाजते, तेही त्याच्याच आवाजात. शब्द अडलाच तर नेहमीच्या काही शब्दांची मदत मिळू शकते. पण वाक्य यंत्र बनवीत नाही. यंत्र केवळ धरून ठेवते. या साहाय्याने काही रुग्णांची वाक्ये त्यांच्या एरवीच्या बोलण्यापेक्षा स्पष्टपणे अधिक लांब आणि अधिक सुबद्ध झाली. ज्याला आपण भाषेचा नाश समजत होतो त्यातला काही भाग निव्वळ वेळ अपुरा पडण्याचा होता, हे त्यावरून दिसून आले.

शब्दांची उजळणी आणि तिची मर्यादा

संगणकाचा दुसरा उपयोग शिक्षकाचा. वाचोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एखादा तास देऊ शकतो. संगणक रोज देतो आणि शंभराव्यांदा चुकले तरी कंटाळत नाही. याची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. २७८ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाने सहा महिने संगणकावर स्वतःच्या जीवनातील निवडक १०० शब्दांचा सराव केला. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाची शब्द आठवण्यातील प्रगती सुमारे १ टक्का होती. संगणकाच्या गटाची सुमारे १६ टक्के. मात्र प्रत्यक्ष संभाषणात फरक पडला नाही. शब्द परत आले, गप्पा परत आल्या नाहीत. यंत्राचा उपयोग आहे. पण शिकलेला शब्द वापरावयास समोर थांबून ऐकणारे माणूस लागते.

मराठीचा प्रश्न

आतापर्यंत सांगितलेली बहुतेक साधने इंग्रजीसाठी तयार झाली. ती मराठीत आणणे म्हणजे शब्दांचे भाषांतर करणे नव्हे. चेन्नईचे अजित नारायणन यांनी बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी ‘आवाज’ हे साधन तयार केले. त्यांनीच पुढे चित्रे आणि ‘कोण, काय, केव्हा’ असे प्रश्न यांवरून वाक्य रचणारी ‘फ्रीस्पीच’ ही पद्धतही मांडली. मुंबईच्या आय. आय. टी.ने तयार केलेले ‘जेलो’ हे चित्रांचे साधन मराठीतही मिळते. अशा साधनांना मराठीत पूर्ण वाक्ये रचावयाची झाली तर काय काय करावे लागेल ते पाहण्यासारखे आहे.

‘सीता’, ‘पोळी’, ‘खाणे’ अशी तीन चित्रे रुग्णाने निवडली. वर्तमानकाळी ‘सीता पोळी खाते’ हे सोपे आहे. भूतकाळी यंत्राला ‘सीता’चे सामान्यरूप करून ‘सीतेने’ म्हणावे लागेल आणि क्रियापद कर्माप्रमाणे फिरवावे लागेल: पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, केळे खाल्ले. कर्त्याच्या जागी ‘मी’ असेल तर ‘ने’ लागणार नाही. ‘सीतेने छत्री आणली’, पण ‘सीता छत्री विसरली’. म्हणजे शाळेत ज्या कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगांना आपण घाबरत होतो, ते यंत्राला पक्के शिकवावे लागतील. मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध केले तेव्हा त्याचा असाही उपयोग होईल हे कोणाच्या स्वप्नातही नसेल.

एवढ्याने भागत नाही. बोलणारा पुरुष की स्त्री हे कळल्याशिवाय यंत्राला ‘मी जातो’ की ‘मी जाते’ हे ठरविता येणार नाही. समोर नातू आहे की सासरे, हे कळल्याशिवाय ‘पाणी दे’ की ‘पाणी द्या’ हे कळणार नाही. ‘चंद्र’ आणि ‘चमचा’ यांतील ‘च’ लिहिताना एक, उच्चारताना दोन. तसाच ‘जेवण’ आणि ‘जावई’ यांतील ‘ज’. शिवाय वऱ्हाडातील किंवा मालवणातील वृद्धाच्या तोंडी पुस्तकी पुणेरी वाक्य घातले तर ते त्याला आपले वाटेल का, हाही प्रश्न आहेच.

रुग्णांच्या बोलण्याचा अभ्यासही भाषेगणिक करावा लागतो. इंग्रजी रुग्ण शब्दांचे प्रत्यय गाळतो. हिब्रूसारख्या भाषेत प्रत्यय गाळला तर शब्दच उरत नाही. तेथे रुग्ण चुकीचे रूप वापरतो. सामान्यरूपे आणि प्रत्यय यांनी गजबजलेल्या मराठीत काय होते? लीझ मेन आणि लोरेन ऑब्लर यांनी १९९० मध्ये अशा रुग्णांच्या बोलण्याचे १४ भाषांतील नमुने ग्रंथरूपाने एकत्र केले. त्यांत हिंदी आहे, मराठी नाही.

यंत्राने किती बोलावे?

आजचा संगणक दोन शब्दांवरून सबंध परिच्छेद लिहून देतो. मग वाचाघाताच्या रुग्णासाठी त्याचा उपयोग का करू नये? करावा, परंतु सावधपणे. समजा, रुग्णाने ‘मुलगा’ आणि ‘पैसे’ ही दोन चित्रे दाखविली. ‘मुलाला पैसे द्या’, ‘मुलाने पैसे दिले’, ‘मुलाकडून पैसे घ्या’, ‘मुलाला पैसे देऊ नका’ ही सारी वाक्ये त्यांतून निघू शकतात. कोणते खरे, हे एका प्रत्ययावर ठरते आणि नेमका तोच रुग्णाजवळ नाही. यंत्राने यांतले एक गोड आवाजात म्हणून टाकले तर ऐकणाऱ्यांना शंकाही येणार नाही. तुटक बोलण्याचा निदान एवढा फायदा असतो की ऐकणारा थांबून पुन्हा विचारतो. सफाईदार वाक्याला कोणी विचारीत नाही. ज्याला दुसऱ्याचे बोलणेच नीट उमगत नाही असा रुग्ण तर यंत्राची चूक पकडूही शकणार नाही.

म्हणून यंत्राने वाक्य सुचवावे, पण रुग्णाने ते ऐकून मान्य केल्याखेरीज त्याच्या नावाने बोलू नये. एकाहून अधिक पर्याय चित्रांसह दाखवावेत आणि ‘यांपैकी काहीच नाही’ ही कळ सर्वांत मोठी ठेवावी. ‘सेंटेन्स शेपर’ आजच्या तुलनेने साधे यंत्र आहे. तरी त्यामागचा विचार अजूनही मार्गदर्शक आहे, तो याच कारणासाठी.

समारोप

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने वाणी आणि भाषा यांच्या अपंगत्वाला मान्यता दिली आहे. त्याच्या व्याख्येत स्वरयंत्र काढून टाकलेल्यांचा आणि वाचाघात झालेल्यांचा उल्लेख शेजारी शेजारी येतो. कायद्याच्या सोयीसाठी ते ठीक आहे. उपाय शोधताना मात्र पहिल्याला आवाज हवा आहे आणि दुसऱ्याला अवधी, हे विसरता कामा नये.

हे काम वैद्यांचे आणि अभियंत्यांचे आहे असे म्हणून कलाशाखेने स्वस्थ बसणे योग्य होणार नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि मुंबईतील १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग संस्था यांसारख्या ठिकाणी तज्ज्ञ तयार होतात. पण मराठी माणसाला रोज लागणारे शंभर शब्द कोणते, याची भाकरीपासून सातबाऱ्यापर्यंतची यादी आपल्याच जिल्ह्यातील बोलीत करणे, ते शब्द वेगवेगळ्या वयांच्या स्त्री-पुरुषांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करणे, क्रियापदांची प्रयोगवार कोष्टके तयार करणे, ही कामे मराठीच्या आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली करण्याजोगी आहेत. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

तोवर ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना आजपासून करता येईल असेही काही आहे. त्याच्याशी सावकाश, एका वेळी एकच गोष्ट बोलावी. ओरडू नये, त्याचे कान चांगले असतात. ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत. शब्द सापडेपर्यंत थांबावे आणि त्याचे वाक्य आपण घाईने पुरे करू नये.